रॉझवेल रॉकेट्स: आठ हंगामांचा संघ आणि गावच्या बेसबॉलचे अर्थकारण

५ सप्टेंबर १९५४ रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या आर्टिशिया या गावी जो बाउमन नावाच्या फलंदाजाने एका दिवसात झालेल्या दोन सामन्यांत मिळून तीन होम रन मारले आणि त्या हंगामातली आपली संख्या ७२ वर नेली. होम रन म्हणजे बहुतेक वेळा चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे टोलवून मिळवलेली पूर्ण धाव. त्या दिवसापर्यंत अमेरिकेतल्या कोणत्याही व्यावसायिक लीगमध्ये एका हंगामात ६९ च्या पुढे कोणी गेले नव्हते. मेजर लीग या सर्वोच्च पातळीवरचा विक्रम तर बेब रूथच्या १९२७ मधल्या ६० होम रनवरच थांबलेला होता. बाउमन ज्या संघाकडून खेळत होता तो रॉझवेल रॉकेट्स हा संघ मात्र या विक्रमानंतर केवळ दोन हंगाम टिकला आणि १९५६ नंतर संपला. १९४९ ते १९५६ अशा आठ हंगामांचे त्याचे आयुष्य. असा खेळाडू ज्या संघात होता, तो संघ इतक्या लवकर का मोडला, हे समजण्यासाठी त्या काळातल्या मायनर लीग बेसबॉलची रचना आणि तिचे पैशाचे गणित समजून घ्यावे लागते.

मेजर लीगमध्ये त्या काळी केवळ १६ संघ होते आणि तेही मोठ्या शहरांतले. उरलेल्या अफाट देशात व्यावसायिक बेसबॉल पोहोचले ते मायनर लीगमुळे. १९०१ मध्ये शिकागो येथे या छोट्या लीगांनी एकत्र येऊन एक राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि लीगांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी ठरवली; पुढे वरच्या टोकाला डबल ए आणि ट्रिपल ए हे वर्ग आले. एखादी लीग कोणत्या वर्गात बसेल हे प्रामुख्याने तिच्यातल्या गावांच्या एकत्रित लोकसंख्येवरून ठरे. खेळाडूंच्या पगाराची मर्यादा आणि वरच्या लीगने खेळाडू उचलला तर मिळणारी रक्कम या गोष्टी त्या वर्गाशी बांधलेल्या असत. त्यामुळे काही हजार वस्तीच्या गावालाही स्वतःचा व्यावसायिक संघ ठेवता येत असे, आणि दुसरीकडे त्या गावाची कमाई किती वाढू शकते यालाही पहिल्या दिवसापासून एक कमाल मर्यादा असे.

येथे एक फरक नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. मायनर लीगचे काही संघ पूर्ण स्वतंत्र होते. ते खेळाडू स्वतः शोधत, स्वतः पगार देत, आणि चांगला खेळाडू तयार झाला की त्याचा करार वरच्या संघाला विकून वर्षभराचा तोटा भरून काढत. दुसऱ्या प्रकारचे संघ मेजर लीगमधल्या एखाद्या संघाच्या छत्राखाली असत. खेळाडू वरून येत आणि खर्चाचा मोठा वाटाही वरून येई. ही दुसरी पद्धत १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्स या संघाचा कारभार पाहणाऱ्या ब्रँच रिकी यांनी रुजवली. तिला फार्म सिस्टम म्हणतात. १९४० च्या सुमारास एकट्या कार्डिनल्सकडे असे तीसहून अधिक संघ होते. बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांना ही पद्धत मुळीच पसंत नव्हती. १९३८ मध्ये त्यांनी नियमभंगाच्या कारणावरून कार्डिनल्सच्या ताब्यातले ७४ खेळाडू एका आदेशाने मुक्त केले. पण पद्धत थांबली नाही. गुणी मुलगा सोळा-सतराव्या वर्षीच मोठ्या संघाच्या जाळ्यात ओढला जाऊ लागला, तसा स्वतंत्र संघांकडे विकण्याजोगा माल कमी होत गेला.

रॉझवेल हे न्यू मेक्सिकोच्या आग्नेय भागातले, कोरड्या पठारावर वसलेले, १९५० मध्ये सुमारे २६ हजार वस्तीचे गाव. आज जगाला ते १९४७ मधल्या तथाकथित उडत्या तबकडीच्या प्रकरणामुळे माहीत आहे, पण तिथल्या माणसांचे जगणे गुरेपालन, शेती, पेकोस नदीच्या खोऱ्यातले पाणी आणि गावाला लागून असलेला हवाई दलाचा मोठा तळ यांवर चालत होते. आधुनिक अग्निबाणांचे जनक मानले जाणारे रॉबर्ट गॉडर्ड यांनी १९३० पासून दशकभर आपले प्रयोग याच गावाबाहेर केले होते, तेव्हा संघाला रॉकेट्स हे नाव शोभणारेच होते. त्याआधी १९३७ मध्ये सनशायनर्स नावाचा एक संघ तेथे एकच हंगाम खेळून गेला होता.

रॉकेट्स १९४९ मध्ये लाँगहॉर्न लीगमध्ये दाखल झाले. ही लीग १९४७ मध्ये पश्चिम टेक्सासात सुरू झाली. आधी ती डी वर्गात होती, १९५१ पासून सी वर्गात आली. तिचे संघ बिग स्प्रिंग, मिडलंड, ओडेसा, स्वीटवॉटर, सॅन अँजेलो अशा तेलविहिरींच्या आणि कापसाच्या टापूतल्या गावांचे होते. पुढे न्यू मेक्सिकोतून रॉझवेल, आर्टिशिया आणि कार्ल्सबॅड आले. आर्टिशियाची वस्ती तेव्हा आठ हजारांच्या आसपास होती. रॉझवेलहून ओडेसा तीनशे किलोमीटरांहून अधिक, तर सॅन अँजेलो पाचशे किलोमीटरांच्या आसपास. हा प्रवास बसने होई. एप्रिलच्या शेवटापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत जवळजवळ रोज सामना असे, आणि प्रेक्षक दिवसा कामावर असल्याने बहुतेक सामने रात्री दिव्यांखाली खेळले जात.

अशा संघाच्या हिशेबवहीत काय असेल, याचा विचार केला की त्याची नाजूक स्थिती लगेच दिसते. जमेच्या बाजूला तिकिटे, मैदानावरची खाद्यपेयांची विक्री, कुंपणावर रंगवलेल्या दुकानांच्या जाहिराती, आणि नशीब असेल तर एखाद्या खेळाडूचा विकलेला करार. खर्चाच्या बाजूला पगार, बस, परगावी हॉटेल, बॅट आणि चेंडू, दिव्यांची वीज, पंच. मालकी बहुतेक ठिकाणी गावातल्या व्यापाऱ्यांकडे असे, आणि ते नफ्यापेक्षा गावाच्या प्रतिष्ठेसाठी पैसे घालत. जमेच्या बाजूचा जवळजवळ सगळा भार मैदानावर प्रत्यक्ष येणाऱ्या माणसांवर होता. लोकांच्या संध्याकाळी दुसरीकडे वळल्या, तर या संघांकडे मागे टेकायला काहीही नव्हते.

या रचनेत जो बाउमनसारखा माणूस कुठे बसतो, हे पाहण्यासारखे आहे. १९२२ मध्ये ओक्लाहोमातल्या वेल्च येथे जन्मलेला हा साडेसहा फुटांच्या जवळपास उंचीचा, धिप्पाड, डावखुरा फलंदाज फर्स्ट बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्याजवळ, क्षेत्ररक्षण करत असे. १९४८ मध्ये तो बॉस्टन ब्रेव्ह्जच्या फार्म सिस्टममध्ये, हार्टफर्डच्या संघात होता. पुढच्या वर्षासाठी देऊ केलेला पगार त्याला पटला नाही आणि त्याने व्यावसायिक बेसबॉल सोडून ओक्लाहोमातल्या एल्क सिटीच्या अर्धव्यावसायिक संघात खेळणे पसंत केले. तिथे खेळासोबत पोटापाण्याचा धंदाही करता येत होता. १९५२ मध्ये तो आर्टिशियाच्या संघातून पुन्हा व्यावसायिक खेळात आला, दोन हंगामांत ५० आणि ५३ होम रन मारले, आणि १९५४ मध्ये रॉझवेलला आला. गावात तो टेक्सॅको कंपनीचा पेट्रोल पंप चालवत असे. त्याने एक सरळ हिशेब केला होता: तिशी ओलांडलेल्या खेळाडूला मेजर लीग बोलावणार नाही, तेव्हा जिथे खेळायचे तिथेच कायमचे घर आणि धंदा असावा. मला हा निर्णय अतिशय समंजस वाटतो, आणि त्याच्याकडे पाहताना अपुऱ्या राहिलेल्या कारकिर्दीबद्दल हळहळण्याचे कारण दिसत नाही.

१९५४ च्या रॉकेट्सचे व्यवस्थापक पॅट स्टेसी हे होते. याआधी त्यांनी बिग स्प्रिंगचा संघ क्यूबातून आणलेल्या तरुण खेळाडूंच्या बळावर चालवला होता. फार्म सिस्टमने देशातली मुले आधीच उचलल्यावर स्वतंत्र संघांना खेळाडू शोधण्यासाठी किती लांब जावे लागत होते, याचे हे चांगले उदाहरण आहे. त्या हंगामात बाउमन १३८ सामने खेळला. ४९८ अधिकृत फलंदाजीच्या पाळ्यांत १९९ हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणे), म्हणजे दर दहा पाळ्यांत चार. इतकी सरासरी अत्यंत दुर्मीळ मानली जाते. त्याच्या फटक्यांवर २२४ धावा आल्या, आणि त्याला टाळण्यासाठी गोलंदाजांनी त्याच्या टप्प्याबाहेर चेंडू टाकल्याने १५० वेळा तो फुकट पहिल्या बेसवर गेला. मैदान समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच, हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे चेंडू दूर जाई, हे खरे आहे. सी वर्गातले गोलंदाज मेजर लीगच्या तोडीचे नव्हते, हेही खरे आहे. पण त्याच हवेत, त्याच गोलंदाजांसमोर लीगमधले इतर सगळे फलंदाजही खेळत होते आणि त्यांतला कोणीही ७२ च्या जवळ पोहोचला नाही. विक्रमाचे मोजमाप करताना या दोन्ही बाजू सोबत धरल्या पाहिजेत.

ऑगस्टच्या अखेरीस स्वीटवॉटरविरुद्ध एकाच सामन्यात चार होम रन मारून तो ६८ वर पोहोचला आणि काही दिवसांतच ६९ वर. ६९ हा आकडा त्याआधी दोघांनी गाठला होता: १९३३ मध्ये मिनियापोलिसच्या जो हाउसरने आणि १९४८ मध्ये अमारिलोच्या बॉब क्रूसने. शेवटच्या दिवशी, आपल्या जुन्या गावी आर्टिशियात, अधिक वेळा फलंदाजी मिळावी म्हणून बाउमनला पहिल्या क्रमांकावर पाठवण्यात आले. पहिल्याच डावात त्याने सत्तरावा होम रन मारला आणि दुसऱ्या सामन्यात आणखी दोन.

त्या भागात एक प्रथा होती. होम रन मारून खेळाडू परत आला की तो प्रेक्षकांसमोरच्या जाळीशी जाई आणि लोक जाळीच्या भोकांतून डॉलरच्या नोटा त्याच्याकडे सरकवत. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात निकाली कुस्ती झाल्यावर प्रेक्षक पैलवानाच्या हातावर रोख इनाम ठेवतात, तसाच हा प्रकार होता. गावातला एक मांसविक्रेता होम रनमागे एक हॅम, म्हणजे डुकराच्या मांडीचे खारवलेले मांस, देत असे. या गोष्टी आज रंजक वाटतात, पण त्यांच्यात एक गंभीर आर्थिक तथ्य आहे. वर्गाच्या पगारमर्यादेमुळे संघ आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला उघडपणे फार पैसे देऊ शकत नव्हता. तो फरक गाव स्वतःच्या खिशातून भरत होते. म्हणजे खेळाडूला संघाशी बांधून ठेवणारा धागा बराचसा मैदानावर आलेल्या प्रेक्षकांच्याच हातात होता.

आता संघ का संपला, या प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर मायनर लीगला प्रचंड भरती आली होती. १९४९ मध्ये, म्हणजे रॉकेट्सच्या जन्मवर्षी, देशात ५९ लीगा होत्या आणि प्रेक्षकसंख्या जवळपास चार कोटी होती. हा कळस होता, आणि रॉझवेलचा संघ नेमका त्या कळसावर जन्माला आला, हे त्याचे दुर्दैव. १९५६ पर्यंत लीगांची संख्या २८ वर आली, आणि प्रेक्षक १९५७ मध्ये दीड कोटीच्या घरात उरले. इतकी घसरण एखाद्या गावाच्या चुकीने होत नाही.

तिची कारणे अनेक होती. १९५० ते १९५३ या काळातल्या कोरियन युद्धाने सक्तीच्या सैन्यभरतीमार्फत तरुण खेळाडू नेले. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोत १९५० पासून १९५७ पर्यंत भीषण दुष्काळ पडला; गुरे आणि कापूस यांवर जगणाऱ्या टापूत सात वर्षांचा दुष्काळ म्हणजे शनिवारच्या तिकिटाचे पैसेही जपून खर्चायची वेळ. घरात थंड हवेची यंत्रे आली आणि उन्हाळ्यातल्या रात्री बाहेर बसण्याची गरज कमी झाली. पण सर्वांत मोठा घाव प्रक्षेपणाचा होता, आणि तो समजून घेण्यासाठी एका नियमाकडे वळावे लागते.

आधी बेसबॉलच्या अंतर्गत नियमांनुसार एका संघाला दुसऱ्या संघाच्या मैदानापासून ५० मैलांच्या आत, त्या संघाच्या संमतीशिवाय, आपल्या सामन्यांचे प्रक्षेपण करता येत नसे. म्हणजे गावच्या संघाला स्वतःच्या परिसरात थोडे संरक्षण होते. अमेरिकेच्या न्याय विभागाने या नियमाकडे व्यापारातली मुक्त स्पर्धा रोखणारे बंधन म्हणून पाहिले. त्या दबावाखाली १९४९ मध्ये नियम सैल झाला आणि १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर मेजर लीगच्या सामन्यांचे रेडिओवरचे वर्णन देशभर पसरले. १९५३ मध्ये एबीसी या दूरचित्रवाणी जाळ्याने दर शनिवारी मेजर लीगचा एक सामना दाखवायला सुरुवात केली. या कार्यक्रमात एक अट होती, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ती सर्वांत अन्यायकारक गोष्ट आहे: मेजर लीगच्या शहरांत तो दाखवायचा नाही. मोठ्या संघांनी आपली तिकीटविक्री जपली आणि प्रक्षेपण वळवले ते नेमके मायनर लीगच्या गावांकडे. रॉझवेलमध्येही १९५३ च्या उन्हाळ्यात केएसडब्ल्यूएस हे स्थानिक दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले होते.

हा धोका कोणाच्या लक्षात आला नव्हता असे नाही. कोलोराडोचे सिनेटर एडविन जॉन्सन हे स्वतः वेस्टर्न लीग या मायनर लीगचे अध्यक्षही होते. त्यांनी १९५३ मध्ये प्रक्षेपणावर मर्यादा घालण्याची मुभा संघांना देणारे विधेयक मांडले, त्यावर सुनावण्या झाल्या, पण कायदा झाला नाही. गावच्या मैदानावरचा सी वर्गाचा खेळ आणि घरबसल्या दिसणारा मेजर लीगचा खेळ यांत प्रेक्षकाने निवड करायची होती. बरेच लोक घरी बसले, आणि त्यांना दोष देता येत नाही. प्रश्न एवढाच होता की त्या प्रक्षेपणातून येणारा पैसा मेजर लीगकडे जात होता आणि रिकाम्या बाकांचा तोटा गावांच्या पदरी पडत होता.

बाउमनने १९५५ मध्ये ४६ होम रन मारले. त्या हंगामानंतर लाँगहॉर्न लीग बंद झाली. तिच्यातले उरलेले संघ आणि तशीच खंगलेली शेजारची वेस्ट टेक्सास–न्यू मेक्सिको लीग यांतून १९५६ साठी साउथवेस्टर्न लीग उभारण्यात आली. ही लीग वरच्या, बी वर्गात होती. माझ्या समजुतीप्रमाणे अशा विलीनीकरणात धोका दडलेला असतो: उत्पन्न घटत असताना गावे आणखी लांब पसरतात, म्हणजे बसचा आणि हॉटेलांचा खर्च वाढतो. बाउमन त्या हंगामाच्या मध्यावर १७ होम रनवर थांबला आणि निवृत्त झाला. त्याच्या नावावर मायनर लीगमध्ये एकूण ३३७ होम रन जमा झाले आणि मेजर लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही. हंगाम संपला तेव्हा रॉकेट्सही संपले. साउथवेस्टर्न लीग १९५७ नंतर बंद पडली.

रॉझवेलने पुन्हा एकदा प्रयत्न पाहिला, आणि तो पूर्णपणे दुसऱ्या पद्धतीचा होता. १९५९ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सच्या फार्म सिस्टममधला, डी वर्गाच्या सोफोमोर लीगमधला सॅन अँजेलोचा संघ हंगाम चालू असतानाच रॉझवेलला हलवण्यात आला. या संघात विली स्टारजेल हा कोवळा कृष्णवर्णीय खेळाडू आपला पहिलाच व्यावसायिक हंगाम खेळत होता. त्या वर्षी टेक्सासातल्या प्लेनव्ह्यू येथे एका माणसाने त्याच्या कानशिलाला बंदूक लावून, आज रात्री खेळलास तर ठार मारीन, अशी धमकी दिली. स्टारजेल त्या रात्री खेळला. पुढे मेजर लीगमध्ये त्याने ४७५ होम रन मारले आणि १९८८ मध्ये त्याचा बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, समावेश झाला. रॉझवेलच्या वाट्याला त्याचा अर्धाच हंगाम आला. इथे दोन्ही पद्धतींमधला फरक स्पष्ट होतो. रॉकेट्सचा बाउमन गावाचा रहिवासी होता आणि खेळ संपल्यावरही तिथेच राहिला. पायरेट्सचा स्टारजेल गावाकडे सोपवलेला प्रशिक्षणार्थी होता, आणि संघ कुठे राहणार हे पिट्सबर्गच्या सोयीने ठरत होते.

१९६२ मध्ये मेजर लीगने मायनर लीगला आधार देण्याची योजना मान्य केली. तिच्यानुसार १९६३ पासून बी, सी आणि डी हे वर्ग रद्द झाले, आणि उरलेले बहुतेक सगळे संघ कोणत्या ना कोणत्या मोठ्या संघाच्या खर्चावर चालू लागले. मायनर लीग वाचली, पण रॉझवेलसारख्या गावातल्या व्यापाऱ्यांनी चालवायच्या स्वतंत्र संघाची जागा त्या रचनेत जवळजवळ उरली नाही. २०२१ मध्ये मेजर लीगने संलग्न संघांची संख्या १२० पर्यंत खाली आणली, तेव्हा पुन्हा डझनावारी गावांनी आपले संघ गमावले. त्या वेळचा निर्णयही न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयातून आला होता.

बाउमनचा ७२ चा आकडा २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बॅरी बाँड्सने ७३ होम रन मारून मागे टाकला. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरने ७० गाठले तेव्हा मेजर लीगचा विक्रम मोडला होता, पण रॉझवेलचा नाही. २००२ पासून मायनर लीगमध्ये सर्वाधिक होम रन मारणाऱ्या खेळाडूला जो बाउमन पुरस्कार दिला जातो, आणि त्याची रक्कम प्रत्येक होम रनला २०० डॉलर अशी मोजतात. बाउमनचे २० सप्टेंबर २००५ रोजी रॉझवेलमध्येच निधन झाले. ज्या फेअर पार्क मैदानावर रॉकेट्स खेळत असत, त्याला आता त्याचे नाव आहे. २०११ पासून पेकोस लीग या कोणत्याही मोठ्या संघाशी न जोडलेल्या लीगमधला इन्व्हेडर्स हा संघ रॉझवेलकडून खेळू लागला, म्हणजे त्या गावात स्वतंत्र व्यावसायिक बेसबॉल पुन्हा आले.